मॅडम-मॅडम

२३ जून

पोहोचले एकदाची. रायपूरहून भिलाई म्हणजे काही परदेश नव्हे, लोकलनं तासाभरात येतं, पण स्टेशनवर बाबांचा चेहरा मुलगी सासरी निघाल्यासारखा झाला होता. विम्याच्या ऑफिसातली बरी नोकरी सोडून शाळेत जायचं खूळ त्यांना अजून पटलेलं नाही. मी म्हटलं, तिथं दिवसभर कुणी मला एक प्रश्न विचारत नव्हतं. आता सगळा वर्ग एकदम विचारेल.

खोली रिसालीत मिळाली आहे, देवाजी काका आणि मैनाबाई काकूंच्या घरी, वरच्या मजल्यावर. काका स्टील प्लांटच्या रेल मिलमधून रिटायर झालेले, मूळचे तुमसरकडचे. खिडकीशीच मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड आहे, हात बाहेर काढला तर शेंग तोडता येईल. काकूंनी आल्याआल्या चीला, तांदळाचं घावनच ते, आणि टमाटरची चटणी पुढं ठेवली. म्हणाल्या, "पोरी, काई लागलं तं सांगत जाय. लाजू नको." त्यांचं बोलणं ऐकून आजोळी आल्यासारखं वाटलं. आमच्या घरचंही मराठी असंच, पुण्याच्या मामीला ते अर्धं हिंदी वाटतं.

संध्याकाळी प्लांटच्या बाजूचं आकाश एकाएकी केशरी झालं. मी घाबरून काकांना हाक मारली. ते हसले. स्लॅग, म्हणजे भट्टीतला तापलेला मळ, ओतून राहिले, म्हणाले, रोजचंच आहे, पुढच्या महिन्यात तुझं लक्षही जाणार नाही.

बी.एड.ला आमच्या मॅडम सांगायच्या, पहिल्या वर्षी रोजनिशी लिहा, वर्गात काय चुकलं ते आपल्यालाच कळतं. म्हणून ही. उद्यापासून मी स्वानंदी मॅडम. हे वाक्य मघाशी मोठ्यानं म्हणून पाहिलं.

२ जुलै

घसा पार बसला आहे. काकू हळदीचं दूध आणून देतात आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहतात.

शाळा लहानशी, खाजगी, पाचवीपर्यंतच. पिवळ्या भिंती, समोर अंगण, अंगणात बदामाचं झाड. माझ्याकडे चौथीचा वर्ग. पहिल्याच दिवशी मी "सब लोग फळे पर देखो" म्हणाले, तर मागून पीयूषनं विचारलं, "कौन सा फल, मैडम?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि तिथंच मला वाटतं माझी त्यांच्याशी गट्टी जमली.

पीयूष हे प्रकरण भारी आहे. दर पाच मिनिटांनी माझ्या टेबलाशी काहीतरी दाखवायला हजर. कधी वही, कधी पडलेला दात. त्याच्या अगदी उलट गुंजन. खिडकीशी बसते, कमरेपर्यंत तेल लावलेली वेणी, अक्षर सुरेख, पण तोंडातून शब्द नाही. वडील ठेकेदाराकडे कामाला आहेत, मरोद्याकडे राहतात. तिला बोलतं करायचं हे मी मनाशी ठरवलं आहे.

शेजारच्या तिसरीच्या वर्गावर रश्मी मॅडम आहेत. दहा-बारा वर्षं झाली त्यांना इथं. म्हणाल्या, पहिले तीन महिने मुलं तुला शिकवतील, मग तू त्यांना शिकवशील.

११ जुलै

आज हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

मधल्या सुट्टीत मी वह्या तपासत वर्गातच बसले होते. खिडकीतून अंगण दिसतं. बदामाखाली आमची मुलं ओळीनं बसली होती आणि समोर गुंजन उभी होती. ओढणी साडीसारखी खांद्यावर घेतलेली. खडू धरल्यासारखी बोटं. ती बोलत होती. गुंजन! आणि बोलत होती ती मीच.

हुबेहूब. खडूचे हात कमरेला पुसणं, माझ्यासारखी वेणी पाठीवर टाकणं, चष्मा नसतानाही नाकाचं हाड दाबणं (माझा चष्मा कॉलेजातच सुटला, सवय राहिली), प्रत्येक वाक्यामागं "ठीक है?" म्हणणं. मी इतक्यांदा "ठीक है" म्हणते हे मला ठाऊकच नव्हतं. मुलं खेळाला मॅडम-मॅडम म्हणतात. रश्मी मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, नक्कल करतात म्हणजे तू त्यांना आवडलीस.

गुंजनचा आवाज मोकळा आहे, छान आहे. खेळाच्या निमित्तानं का होईना, बोलली.

१९ जुलै

एक गंमत. परवा खेळात गुंजन चालता चालता अडखळली, वाकली आणि चप्पल हातात घेऊन लंगडत झाडाभोवती फिरली. मुलं हसली. मी चप्पल हातात घेऊन कधी चालले, असं मला वाटून गेलं.

आज प्रार्थनेनंतर जिन्यात माझ्या सँडलचा पट्टा तुटला. ती हातात घेऊन मी लंगडत वर्गात गेले. कुणी हसलं नाही. खेळात हसून झालं होतं म्हणून असेल.

काकूंना सांगितलं. त्यांनी ती सँडल सुपेल्याच्या मोच्याकडून शिवून आणवली. दोघी हसलो.

३१ जुलै

रायपूरहून लिहिते आहे. बाबा बाथरूममध्ये घसरले, मांडीचं हाड मोडलं. आज ऑपरेशन झालं. नीट होतील म्हणतात.

फोन आला तेव्हा मी वर्गाबाहेर व्हरांड्यात होते. मी मटकन पायरीवरच बसले. मग मुलं आली. एकानं दप्तर बाजूला सरकवलं, एका मुलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि पीयूष झाकण उघडलेली पाण्याची बाटली घेऊन पुढं आला. त्याच क्षणी मी बाबांना विसरले. हे सगळं मी पाहिलेलं होतं. गेल्या आठवड्यात बदामाखाली. गुंजन तळहात कानाला लावून मटकन बसली होती, एकानं दप्तर सरकवलं होतं, पाठीवर हात, मग पीयूष, हातात झाकण उघडलेली बाटली. तेव्हा मला वाटलं होतं, टीव्हीवरचं काहीतरी करताहेत.

दवाखान्यात बसून हाच विचार करते आहे. बाबांचा विचार करायला हवा.

८ ऑगस्ट

परत आले. आज सुट्टीत गुंजनला जवळ बोलावलं. तिला भीती वाटू नये म्हणून आधी अक्षराचं कौतुक केलं. मग विचारलं, तो फोनचा खेळ कुठून सुचला. ती म्हणाली, सुचत नाही, मी फक्त तुमची नक्कल करते.

"मैंने तो तब तक फ़ोन उठाया ही नहीं था," मी म्हटलं.

 मला समजावून सांगायचं राहिलंय असा तिचा चेहरा होता.

"बाद में तो उठाया न, मैडम."

 तिला डब्यातली गोड खुरमी दिली. तिनं ती खाल्ली नाही, रुमालात बांधून धाकट्या भावासाठी ठेवली. लहान मूल आहे. हे मी स्वतःला सांगते आहे. लहान मूल आहे.

१६ ऑगस्ट

काल झेंडावंदन चांगलं झालं. आमच्या वर्गाचं गाणंही. पण मला आजचं लिहायचं आहे.

आज खेळात त्यांनी पीयूषला उचललं. चौघांनी, हातापायांना धरून. त्याचं डोकं मागं लोंबत होतं. एका पायात बूट नव्हता. मागून गुंजन चालत होती, मी घाईत असताना चालते तशी, पदर खोचून. तिच्या हातात त्याचा बूट होता.

मी खिडकीतून ओरडले. मुलांनी त्याला खाली ठेवलं. पीयूष हसत उठला, बूट घालू लागला. मला काहीच झालं नाही असं सांगायला धावत वर्गात आला.

संध्याकाळी त्याच्या आईला फोन केला. त्याला सायकलवर पाठवू नका, झाडावर चढू देऊ नका. त्यांनी विचारलं, त्यानं काही केलं का? मी काय सांगणार? त्या जरा रागावल्याच. उद्यापासून त्याला पहिल्या बाकावर, अगदी माझ्या टेबलासमोर बसवणार. माझ्या नजरेसमोर असला की झालं.

२१ ऑगस्ट

पीयूष दवाखान्यात आहे.

भागाकार चालू होता. तो वही दाखवायला उठला. बाकापासून टेबल हातभर अंतरावर, मीच तसं ठेवलेलं. त्याचे डोळे वर गेले, अंग ताठ झालं आणि तो पुढं कोसळला. टेबलाचा लोखंडी कोपरा लागला. त्याला फिट कधीच आली नव्हती, असं त्याची आई म्हणते. जुन्या जागी, शेवटच्या बाकावर असता, तर दप्तरांवर पडला असता.

चपराशी दयाराम धावत आला. त्यानं आणि पाचवीच्या तीन मोठ्या मुलांनी त्याला उचलून रिक्षापर्यंत नेलं. डोकं मागं लोंबत होतं. मी पदर खोचून मागं धावले. रिक्षा निघून गेल्यावर पाहिलं, तर माझ्या हातात त्याचा बूट होता.

तो मी कधी उचलला?

२३ ऑगस्ट

पीयूष शुद्धीवर आहे. टाके पडलेत, डोक्याची तपासणी झाली, धोका नाही म्हणाले. मी भेटायला गेले तर त्यानं मला टाके मोजायला लावले. आई त्याला घेऊन काही दिवस आजोळी जाणार आहे. मला पाहून ती खोलीबाहेर गेली. बरोबरच आहे.

रमा मॅडम आमच्या हेडमिस्ट्रेस. त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, वडिलांचं आजारपण, नवी नोकरी, डोळ्यांदेखत मूल पडलं, माणूस जोडतो एकाशी एक. दोन दिवस सुट्टी घे. मला त्यांचं म्हणणं खरं असायला हवं होतं.

मी खेळावर बंदी घातली. मधल्या सुट्टीत चौथीचा वर्ग आत बसून डबा खाणार. मुलं नाराज झाली. गुंजन झाली नाही. तिनं माझ्याकडे पाहून सुटल्यासारखा श्वास सोडला, हे मी स्पष्ट पाहिलं.

२८ ऑगस्ट

चार दिवस बरे गेले. गुंजन तर वर्गात दोनदा हात वर करून बोलली. मला वाटलं, संपलं.

आज सुट्टीत खिडकीशी गेले. अंगणात पहिलीची पोरं होती. मी त्यांना कधी शिकवलेलं नाही, त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. ती बदामाखाली ओळीनं बसली होती. समोर एक शेंबडी, एवढीशी मुलगी उभी होती. तिनं खडूचे हात कमरेला पुसले. नाकाचं हाड दाबलं. मग खिडकीकडे वळून माझ्याकडे पाहत म्हणाली, "ठीक है?"

खिडकी लावताना बोट चेमटलं.  माझ्या मागं वर्गात सगळी मुलं डबा खायची थांबली होती.

२ सप्टेंबर

आज पोळा. शाळेला सुट्टी. काकांनी मातीचे बैल आणले, काकूंनी खारी ठेठरी आणि गोड खुरमी केली. गल्लीतली पोरं दोरी बांधून बैल ओढत होती आणि मी गॅलरीतून एकेकाचा चेहरा बघत होते. कुणी माझ्यासारखं चालतंय का ते.

काकू जवळ येऊन बसल्या. "कावून वं पोरी, इतकी सुकून राहिली? कोनी काई बोललं का तुले?" मी मान हलवली आणि रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, नोकरी माणसाच्या जीवापेक्षा मोठी नसते, बापाकडे जाय.

जाणार. ठरलं. परवा राजीनामा देते.

४ सप्टेंबर

राजीनामा दिला. रमा मॅडमनी वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि त्यांना वाटलंही असावं. शाळा सुटल्यावर बॅग उचलून मी फाटकापर्यंत गेले. दयारामनं फाटक उघडलं.

मागचा आवाज थांबला. अख्ख्या शाळेचा, एकदम. मी वळले. व्हरांड्यात मुलं उभी होती आणि अंगणाच्या मधोमध गुंजन. खांद्यावर दप्तर, फाटकाकडे तोंड, एक पाय उचललेला. ती माझ्या आधी निघाली होती आणि थांबली होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मी परत तिच्याजवळ गेले, गुडघ्यांवर बसले.

"मेरे को नहीं करना, मैडम," ती म्हणाली. "अपने आप होता है. आप चली जाओगी तो मेरे को अकेले करना पड़ेगा."

मी विचारलं, काय करावं लागेल. तिला माहीत नाही. पुढचं दिसत नाही, अंगातूनच होतं, झाल्यावर कळतं. एवढंच कळतं की ते वाईट आहे. इतके दिवस हे मूल घाबरून होतं आणि मी तिलाच घाबरत होते.

राजीनामा परत घेतला. काकूंना काय सांगू, कळत नाही.

६ सप्टेंबर

आज शेवट पाहिला. म्हणजे, मला वाटतं तो शेवटच.

तिला मी वर्गात माझ्याजवळ बसवलं होतं. बाकीची मुलं रश्मी मॅडमकडे. ती एकाएकी उठली, माझ्या खुर्चीत बसली आणि लिहू लागली. खाली मान घालून, भराभर, कोऱ्या कागदावर नुसत्या रेघा. मग तिची वेणी पाठीवरून वर उचलली गेली. सावकाश. कुणीतरी हातात घेऊन तोलून बघतंय तशी. मागं कुणी नव्हतं. वारा नव्हता. पंखा बंद.

तिचा हात थांबला. ती मागं वळली.

त्यानंतर तिच्या चेहऱ्यावर काहीच राहिलं नाही. डोळे उघडे, आत कुणी नाही. मी हलवलं, पाणी मारलं, हाका मारल्या. ती परत यायला फार वेळ लागला. तिला काही आठवत नाही.

ती परत आली. कारण तिचा तो नुसता खेळ होता.

मी—

९ सप्टेंबर

अंतर कमी होतंय. पूर्वी तिनं केल्यावर माझं व्हायला दिवस जायचे. मग तास. आज तिनं हात वर केला आणि माझा हात वर गेला. तिची मान वळली, माझी वळली. रश्मी मॅडमनी दारातून पाहिलं. त्या आत आल्या नाहीत. नंतर स्टाफरूममध्ये त्यांनी माझा हात धरला.

आता दोघी एकाच वेळी. पुढं काय उरतं?

१० सप्टेंबर

मला शिंक आली. मग गुंजन शिंकली.

मी खडू खाली पाडला. मग तिच्या हातातली पेन्सिल पडली.

मग! माझ्यानंतर! ती मागं राहिली, साधी नक्कल करणाऱ्या मुलीसारखी, जुलैसारखी. मी तिला मिठीच मारली. तीही हसली. घरी येताना मी गुणगुणत होते. काकू म्हणाल्या, आज उजेड दिसून राहिला चेहऱ्यावर.

भांडी घासताना लक्षात आलं. हातातलं ताट तसंच राहिलं.

आधी ती करायची, मग माझं व्हायचं. आता माझं होईल, मग ती करेल. आणि आता तो खेळ असणार नाही. मला जे होईल ते तिला—

तिनं पाहता कामा नये. मी जवळ असता कामा नये. सकाळी वर्गाच्या कपाटाची चावी आणि चिठ्ठी रमा मॅडमच्या टेबलावर ठेवायची आणि निघायचं. शाळा भरायच्या आत. तिनं पाहिलंच नाही तर नक्कल कशाची करेल.

बाबांना फोन केला, येते म्हटलं. खूश झाले.

११ सप्टेंबर

शाळेत कुणी नाही. ऊन नुकतंच वर आलं आहे. दयारामनं फाटक उघडलं आणि चहाला गेला. ऑफिसला कुलूप. म्हणून वर्गात बसून चिठ्ठी लिहायला घेतली. रमा मॅडमना काय लिहावं सुचेना, म्हणून ही वही काढली, आधी इथं—

मी लिहिते आहे. माझ्या खुर्चीत. खाली मान घालून.

हे मी काय केलं.

उठता येत नाही. पाय आहेत, पण उठता येत नाही. हात मात्र चालतो. लिहीत राहायचं. गुंजन लिहायची थांबली तेव्हा वळली. मी थांबणार नाही. काहीही लिहीन. पीयूष बरा आहे. बाबा बरे आहेत. माझ्या मागं फक्त फळा आहे, फळा भिंतीला टेकलेला, माणूस उभं राहायला जागाच नाही. जागाच नाही. पंखा बंद आहे.

मानेला गार लागलं. माझी वेणी पाठीवर नाही. वर—

बघतंय. किती जड आहे ते बघतंय. लिहायचं. थांबायचं नाही. कुणी पाहत नाही ना, मग हरकत नाही, मी एकटीच, पाहणारं कुणी—

दारात दप्तर दिसतं आहे.

गुंजन. इतक्या लवकर का आलीस. ती म्हणते आहे, मला वाटलं तुम्ही जाल, म्हणून धावत आले. मी ओरडून सांगितलं जा, डोळे मीट, पाठ कर. मीटत नाही. माझ्या डोक्याच्या वर बघते आहे. पाठ कर बेटा पाठ कर

वेणी ओढली. मान वळते आहे मी वळवत नाही

तिची वेणी तिच्या खांद्यावरून हळूच उ